बनाबाईची भाकरी

आमच्या देवळात प्रभुभोजनाला तांदळाची भाकरी असायची. देऊळ म्हणजे चर्च. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटतो. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळीनं मिळून भाकरीचा तुकडा खायचा आणि द्राक्षाचा रस प्यायचा. कोल्हापूरच्या मोठ्या देवळात पाव वापरतात. आमच्याकडेही पूर्वी पावच असे, मिशनच्या मडमसाहेब मोटारीतून घेऊन यायच्या. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मैदा मिळेना, आणि पाव बंद झाला. तेव्हा पिराजीची बायको बनाबाई हिने तांदळाची भाकरी करून दिली. लढाई संपली, मडमसाहेब त्यांच्या देशी परत गेल्या, संस्थान विलीन झालं, पण भाकरी तीच राहिली.

आमचं गाव शाहूवाडीच्या बाजूचं, आठवड्याच्या बाजाराचं. नाव लिहीत नाही, कारण त्या घरांतली नातवंडं अजून तिथं आहेत. ख्रिस्ती घरं थोडीच, सगळी गावाच्या एका कडेला. मी तेव्हा मिशनच्या प्राथमिक शाळेत नवा मास्तर होतो आणि देवळात पेटी वाजवत होतो. बरी वाजवत होतो असं नाही. दुसरं कुणाला येत नव्हती, एवढंच. पण पेटीवाल्याची जागा पुढं असते आणि तिथून सगळी मंडळी दिसते, म्हणून हे मला लिहिता येतंय. याहून चांगलं लिहिणारा कुणी भेटला असता तर मी त्यालाच सांगितलं असतं.

पिराजी सरकारी रस्त्यावर मैलकुली होता. त्याच्या वाट्याचा रस्ता ठरलेला, त्यावरचे खड्डे बुजवायचे आणि कडेचं गवत काढायचं. ती नोकरी. देवळाची झाडलोट, बत्ती साफ करणं, पाणी भरणं आणि दर रविवारी रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून मंडळीला बोलावणं, हे सगळं तो बिनपगारी करायचा. लग्न झाल्यावर दोनेक वर्षांत नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून करत आला होता. बाजारातले लोक त्याला चिडवायचे, "पिराजी, तुझा देव पगार किती देतो रं?" तो म्हणायचा, "पगार न्हाय देत, पर रजाबी देत न्हाय. त्यावरनं वळखा, नोकरी कायमची हाय."

बनाबाई बोलायला त्याच्याइतकी मोकळी नव्हती. उंच, हाडापेरानं मोठी बाई. तिचं काम भाकरीचं. आमच्यात प्रत्येक घरी चुलीशेजारी एक लहान मडकं असायचं. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ बाई त्या मडक्यात टाकायची. ही देवाची मूठ. बनाबाई घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करायची, धुऊन वाळवायची आणि प्रभुभोजनाच्या आधी जात्यावर दळायची. रविवारी उजाडायच्या आत उकड काढून भाकऱ्या भाजायची. मनुका उकळून, फडक्यातून पिळून रस काढायची. स्वच्छ पंचाखाली झाकून सगळं टोपलीतून देवळात आणायची. आमच्याकडे पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, बऱ्याच गावांचं बघावं लागे, त्यामुळं प्रभुभोजन दोन-दोन महिन्यांनी असायचं.

तिचा एक नियम होता. त्या भाकरीचा तुकडा ती घरी कधी तोंडात घालत नसे, चव बघायलासुद्धा नाही. प्रभूच्या मेजाची भाकरी मेजावरच खायची. एरवी त्यांच्या घरात नाचणी शिजायची. त्यामुळं आपल्या हातची तांदळाची भाकरी कशी झाली हे तिला देवळात, सगळ्यांबरोबर तुकडा खाल्ल्यावरच कळायचं.

बनाबाईचं माहेर नदीपलीकडं होतं. तिचा धाकटा भाऊ ज्ञानू शेतावर राबणारा, गरम डोक्याचा. बहीण आणि दाजी ख्रिस्ती झाले हे कळल्यावर त्यानं तिला घर बंद केलं. आई वारली तेव्हा निरोपसुद्धा पाठवला नाही. आठवड्याच्या बाजारात दिसला तरी तोंड फिरवायचा. अशी वीसेक वर्षं गेली.

बावन्न सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पिराजी रस्त्यावर मुरूम टाकत होता. ज्ञानू समोरून आला आणि थांबला. घरी आला नाही. रस्त्यातच उभ्या उभ्या म्हणाला, "दाजी, आमच्या गावची म्हाई हाय. आक्काला पाठवा." आणि उत्तराची वाट न बघता चालू लागला. पिराजी सांगायचा की हातातलं घमेलं खाली ठेवायचं भान त्याला बऱ्याच वेळानं आलं.

म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा. देवीला बकरं दाखवायचं, कापायचं आणि पैपाहुण्यांना मटण वाढायचं. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण ते मटण आमच्यात का खात नसत ते सांगायला पाहिजे. आमच्या मंडळीतले वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, शिमोनराव होते. त्यांच्या बापानं ख्रिस्ती झाल्यावर जत्रेत हलगी वाजवायला आणि तिथलं मटण घ्यायला नकार दिला. त्यापायी त्यांना मार बसला, पाणी तोडलं गेलं, आणि शेवटी त्यांना गाव सोडून इकडं यावं लागलं. शिमोनराव तेव्हा आईच्या कडेवर होते. जत्रेचं मटण नाकारणं ही त्यांच्या लेखी खाण्यापिण्याची गोष्ट नव्हती. बापानं त्यासाठी पाठ फोडून घेतली होती.

बनाबाई म्हाईला गेली. एक रात्र राहून आली. नवं लुगडं नेसून आली होती, आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून, भावानं घेतलं म्हणून सांगत होती. तिला इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा असायची. एक गाणं व्हायचं, प्रार्थना व्हायची, मग पाळकसाहेब विचारायचे की कुणाचं कुणाशी वैर असेल, कुणाच्या मनाला काही बोचत असेल, तर आज सांगून मोकळं व्हावं आणि उद्या मेजाला यावं. लोक सांगायचे. कुणाचं बांधावरून भांडण, कुणी कुणाची कोंबडी लपवलेली. हसत-रडत मिटायचं. त्या शनिवारी बनाबाई उठली आणि म्हणाली, तिचं भावाशी वीस वर्षांचं वैर होतं, ते मिटलं, त्याबद्दल देवाचे उपकार. मंडळीनं आनंदानं माना हलवल्या. मग तिनं त्याच आवाजात सांगितलं की भावानं पहिल्यांदाच आपल्या हातानं वाढलं, ते मटण म्हाईचं होतं, आणि तिनं ते खाल्लं.

शिमोनरावांनी विचारलं, देवीला दाखवलेलं होतं हे माहीत होतं का? ती म्हणाली, म्हाईचं म्हणजे ते असणारच. त्यांनी सांगितलं, ठीक आहे, माणूस चुकतं, चुकलं म्हण आणि बस. कुणीही तेवढं म्हटलं असतं. आमचे पाळकसाहेब, देवदान सातपुते, मऊ मनाचे होते. तेही तिला डोळ्यांनी सांगत होते की म्हणून टाक.

बनाबाई म्हणाली, "चुकलं म्हटलं तर ज्ञानूनं वाढलं ते चुकलं म्हटल्यावाणी हुतंय. ते मला म्हणता येत न्हाय."

पुष्कळ समजावलं तिला. शेवटी ठरलं की ती चुकलं म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजन बंद. उपासनेला यावं, बसावं, पण मेजाचं घेऊ नये. आमच्यात ही मोठी शिक्षा होती. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला होत असे ती.

गंमत अशी की भाकरीचं काय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. रविवारी सकाळी बनाबाई नेहमीसारखी टोपली घेऊन आली, मेजावर ठेवली, पंचा सारखा केला आणि मागं दाराजवळ जाऊन बसली. शिमोनरावांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं, पाळकसाहेबांनी टोपलीकडं. तेवढ्यात दुसरं काय करणार होते? उपासना सुरू झाली. मग तेच चालू राहिलं. पिराजी त्यावरसुद्धा बोलायचा. "हात चालू, तोंड बंद. एरवी बायकांचं उलटं असतंय म्हणत्यात."

पण तो आतून फार खचला होता. पहिल्या खेपेला ताट त्याच्यापुढं आलं तेव्हा त्यानंही मान हलवून ताट पुढं जाऊ दिलं. घरी बनाबाईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, की तुम्ही कुठं म्हाईला गेला होता, तुम्हाला कुणी बंद केलंय? पुढच्या वेळेपासून तो घेऊ लागला. मात्र रोज काही ना काही निमित्तानं तिच्या मागं लागायचा की एक शब्द आहे, म्हणून टाक. ती म्हणायची, "तुमीच म्हणा की माझ्या वतीनं." एकदा तो खरंच शिमोनरावांकडं जाऊन तिच्या वतीनं चुकलं म्हणून आला. शिमोनराव म्हणाले, असं चालत नाही. पिराजी परत येताना माझ्या दारात टेकला आणि म्हणाला, रस्त्याचं बरं असतं मास्तर, एकाचा खड्डा दुसऱ्यानं बुजवला तरी सरकार चालवून घेतं.

शिमोनराव भाकरीचं ताट बायकांच्या बाजूनं फिरवायचे. दाराजवळ ते आले की बनाबाई गुडघे आत घेऊन वाट द्यायची. ते पलीकडच्या बाईकडं वळायचे. दोघंही एकमेकांकडं बघत नसत. पावसाळा गेला, भातं कापली, नाताळ झाला. हे असंच चाललं. तिनं एकदाही तक्रार केली नाही, एकदाही भाकरी चुकवली नाही. ज्ञानूलाही तिनं काही कळू दिलं नव्हतं.

ते त्याला कळलं पुढच्या म्हाईच्या वेळी. तो पुन्हा रस्त्यावर निमंत्रण द्यायला आला, तेव्हा पिराजीला राहवलं नाही. पिराजीनं त्याला सगळं सांगितलं. ज्ञानू आल्या पावली परत गेला.

त्यानंतरच्या शनिवारी आमची तयारीची सभा होती. गाणं झालं आणि मी पेटीचा भाता बांधत होतो, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला पटका, हातात काठी. बनाबाई दाराजवळच बसली होती. ती त्याच्याकडं बघतच राहिली. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, पण आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,

"पावणं, माझ्या भनीला माझ्या घरच्या जेवणापायी बंद केलंय म्हणं. त्येच्यासाठनं आलोय. त्या दिवशी तिच्या ताटात देवीचं मटण न्हवतं. तुमच्यात चालत न्हाय ते मला ठावं हाय की. मी बाजारातल्या मुलाण्याकडनं आणलं हुतं. येगळ्या भांड्यात, येगळ्या चुलीवर शिजवलं हुतं."

पाळकसाहेबांनी विचारलं, की मग हे बहिणीला का सांगितलं नाही?

ज्ञानू जरा घुटमळला. म्हणाला, "येगळं शिजवलंय म्हणून सांगितलं असतं, तर तिला वाटलं असतं, आजूनबी येगळंच ठेवलंय."

सभेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. शिमोनरावांचा चेहरा मोकळा झाला. मला वाटतं त्या वर्षाचं ओझं त्यांच्यावरही होतंच. ते म्हणाले की मग दोषच राहिला नाही, प्रश्न मिटला, उद्या बनाबाईनं मेजाला यावं. पिराजीनं दोन्ही हात जोडून वर पाहिलं.

तेव्हा बनाबाई उठली. "मिटलं कसं?" ती म्हणाली. "त्येनं येगळं शिजवलं हे मला कुठं ठावं हुतं? मी म्हाईचंच म्हणून खाल्लं."

पिराजीनं जोडलेले हात तसेच कपाळावर मारून घेतले.

पाळकसाहेबांनी तिला फार हळू विचारलं, की आता समज भावानं पुन्हा वाढलं, आणि ते देवीचं आहे हे तुला पक्कं माहीत असलं, तर? हा प्रश्न त्यांनी तिला वाचवायलाच विचारला असावा. ती नाही म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"देवीला हात जोडणार न्हाय," बनाबाई म्हणाली. "भावाला न्हायबी म्हणणार न्हाय."

शिमोनराव खाली बसले. म्हणाले, मग माझा इलाज नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता.

ज्ञानू अजून उंबऱ्यापाशीच उभा होता. तो शिमोनरावांना ओळखत नव्हता, पण बोलला त्यांच्याकडंच बघून. "आमी हिला तुमच्यात गेली म्हणून बंद केलं. तुमी आमच्यात आली म्हणून बंद केलं. मग हिनं जेवायचं कुठं, तेवढं सांगा की पावणं."

मग बनाबाईनं पदर खोचला आणि पाळकसाहेबांना म्हणाली, भाऊ उन्हाचा चालत आलाय, पहिल्यांदाच माझ्या दारात येतोय, तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, मला भाकरी टाकायची आहे. आणि ती सभेतून निघून गेली. ज्ञानू तिच्या मागोमाग गेला. सभेत काही ठरलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सभा संपवली.

ज्ञानू बहिणीकडं जेवला. तिनं त्याला नाचणीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. पिराजीचं म्हणणं होतं की दळलेलं तांदळाचं पीठ घरात होतं, ते तरी पाहुण्याला काढावं. ती म्हणाली, ते मेजाचं आहे. ज्ञानू दिवस मावळायच्या आत जनावरं बघायला परत गेला.

दुसऱ्या दिवशी रविवारी बनाबाई टोपली घेऊन आली, मेजावर ठेवली आणि दाराजवळ आपल्या जागी बसली. पाळकसाहेबांनी भाकरी मोडली. मी पेटीवर गाणं धरलं. शिमोनराव ताट घेऊन बायकांच्या बाजूनं निघाले. दाराजवळ पोचले तशी बनाबाईनं सवयीप्रमाणं गुडघे आत घेतले आणि वाट दिली.

शिमोनराव पुढं गेले नाहीत. ताट तिच्यासमोर धरून उभे राहिले. ती वर बघेना. शेवटी ते म्हणाले, "घे की, बनाबाई. भाकरी तुझीच हाय."

माझा हात पेटीवर थांबला. मंडळीचं गाणंही थांबलं होतं.

"मी चुकलं म्हटलेलं न्हाय," बनाबाई म्हणाली.

"ऐकलंय मी," शिमोनराव म्हणाले. "घे आता. हात दुखाय लागला माझा."

तिनं दोन्ही हात पुसले आणि एक तुकडा उचलला. शिमोनराव पलीकडच्या बाईकडं वळले. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी पुन्हा सूर धरला. तो चुकीचा लागला हे मला आठवतं.

पुढं यावर कुणीतरी पंचांच्या बैठकीत विचारलं होतं, की बंदी कधी उठली, कुणी उठवली. शिमोनराव म्हणाले, मी दिली भाकरी, मला बंद करा. तो विषय तिथंच संपला. शिमोनरावांनी स्वतः शेवटपर्यंत जत्रेचं कधी खाल्लं नाही. ज्ञानू दर म्हाईला बहिणीसाठी वेगळंच शिजवत राहिला, आता मात्र तिला सांगून.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर मी पेटी खांद्यावर घेऊन घरी निघालो होतो. पुढं पिराजी आणि बनाबाई चालले होते. पिराजीला वाटत होतं की तिनं काहीतरी बोलावं. तो पुन्हा पुन्हा तिच्या तोंडाकडं बघत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अवं, भाकरी जाड हुतीया की. वरीसभर तुमी खाताय, सांगितलं का न्हाय?"

पिराजी म्हणाला, "तुला बंद केल्यालं. तुला आनि नावं कुठं ठेवायची?"

पुढच्या खेपेची भाकरी पातळ होती.